सेन्सर उलटा बसलाय!

"मेकॅनिक कशाला? रोज मोबाईल खोलणारा गडी मी, गिझर काय चीज हाय!" अभिमन्यूनं छाती फुगवली. नवऱ्याचं धाडस ठाऊक असलेली चंद्रिका पूजेची फुलं आणायला जरा भरभरच निघून गेली.

प्रसंगच बाका होता. लेकीच्या प्रेमलग्नावर रुसलेल्या त्याच्या सासूबाई, अक्कलकोटच्या ईरम्मा, पहिल्यांदाच त्यांच्या सात रस्ता चौकाजवळच्या घरी मुक्कामाला आलेल्या. आधी अंघोळ, मग पूजा, मगच चहा, असा त्यांचा नेम. आणि नेमका आजच गॅलरीतला गॅस गिझरही रुसला! "गरम पाणी न्हाय, तर दुपारच्या एसटीनं जाते," त्या बोलल्या. थट्टेत की खरंच, देव जाणे!

नळ सोडला की गिझरातल्या सेन्सरला कळतं आणि जाळ पेटतो. पण बोअरच्या पाण्यानं त्या सेन्सरवर क्षाराचा हा एवढा थर! अभिमन्यूनं तो जुन्या टूथब्रशनं घासला, जागेवर बसवला आणि गॅलरीतून ओरडला, "आई, सोडा नळ! आलं का गरम?" जाळ दिसायची काच काळी पडलेली, तेव्हा सगळी भिस्त बाथरूममधल्या आवाजावर.

"बंतु! बंतु!" ईरम्मांना मराठी येत होती, पण आनंद झाला की तोंडून कानडीच निघायची.

अभिमन्यू पडला केम गावचा, कानडीचा गंध नाही! त्याला ऐकू आलं, "बंद! बंद!" भाजलं की काय आईंना! त्यानं झटकन बटण बंद केलं.

"होय्तु!" आतून आवाज.

"आँ? बंद केल्यावर होय?" चालू केलं, "बंतु!" बंद केलं, "होय्तु!" अभिमन्यूच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. सेन्सर उलटा बसलाय की!

त्यानं पाना लावून सेन्सर उपटला. पाण्याचा कॉक बंद करायचा मात्र राहिला! अशी चिळकांडी उडाली की गडी नखशिखांत न्हाला. तेवढ्यात चंद्रिका आली, तिनं आधी धावत जाऊन कॉक फिरवला.

"अहो, हे काय?"

"सेन्सर उलटा हाय! चालू केलं की आई बंद म्हणतात, बंद केलं की होय!"

चंद्रिका हसून हसून खालीच बसली. "बंतु म्हणजे आलं! होय्तु म्हणजे गेलं! सेन्सर नाही, तुमचे कान उलटे बसलेत!"

ईरम्मा बाहेर आल्या. अर्धी अंघोळ गरम, अर्धी गार. अभिमन्यूचा जीव टांगणीला लागला. पण त्याचा तो ओला अवतार बघून त्यांनी पदर तोंडाला लावला. "ऱ्हाते बाबा महिनाभर! एवढी करमणूक अक्कलकोटात कुटं?"

पूजा झाल्यावर जावई खुशीत स्वतः चहा घेऊन आला. एक चमचा साखर घातली.

"साकु," ईरम्मा म्हणाल्या.

"ऐकलंस? साखर मागतायत! यायला लागली मला कानडी!" दुसरा चमचा पडला.

"साकु! साकु!"

"घ्या की आई, लाजताय काय!" तिसरा. चौथा.

"अहो, साकु म्हणजे पुरे!" चंद्रिकेनं कपाळाला हात लावला.

ईरम्मांनी एक घोट घेतला, कप खाली ठेवला आणि विचारलं, "दुपारची एसटी कितीला हाय?"