कर्ता अध्याहृत

कोणत्याही घटनेला कारण असते. घटना जितकी मोठी, तितकी कारणे अधिक आणि माणसे कमी, हा नियम श्रीरंग बर्वे याने १९६० साली म्युनिकजवळच्या एका उपनगरात पुरेशा नमुन्यांवर तपासून सिद्ध केला. तो रंगरसायनात डॉक्टरेट करत असल्यामुळे या शोधाचा प्रबंधाला काहीही उपयोग झाला नाही.

त्याचे असे झाले. त्या जानेवारीत तिथल्या शाळेच्या भिंतीवर जुन्या राजवटीची एक घोषणा रंगवली गेली. उपनगराने मोठी तत्परता दाखवली. दुपारपर्यंत भिंत पुसली गेली आणि संध्याकाळपर्यंत एक आउसशुस, म्हणजे समिती, नेमली गेली. पूर्वी एवढी माणसे का मारली गेली याची कारणे एकदाची शोधून काढावीत, म्हणजे पुन्हा तसे घडायला कारणच उरणार नाही, असा सरळ हिशेब होता. (भिंत कोणी रंगवली हा प्रश्न समितीच्या कक्षेबाहेर ठेवला गेला. तो फारच सोपा होता.)

अध्यक्ष हेर लिंडनर हे निवृत्त व्याकरणशिक्षक, स्वभावाने अत्यंत गोड. 'असे का घडले?' या प्रश्नाला रहिवाशांकडून येणारी उत्तरे वर्गवार लावायला त्यांना तटस्थ माणूस हवा होता. श्रीरंग परदेशी होता आणि त्याच्याकडे आलेखाचा कागद होता. त्याचा राहण्याचा परवाना मार्चअखेर संपत होता, प्रयोग ऑगस्टपर्यंत चालणार होते. अहवाल एकमताने मंजूर झाला की परवान्यासाठी शिफारसपत्र देऊ, असे लिंडनर म्हणाले.

दोनशे अकरा उत्तरे आली. त्यांत बेचाळीस कारणे निघाली: पहिल्या महायुद्धाचा तह, महागाई, बेकारी, रेडिओ, तरुणांची करमणुकीची गैरसोय (तीन मते), आणि 'त्या काळचे वातावरण' (सत्त्याण्णव मते). आदेश 'वरून' आले, असे एकशे अठ्ठ्याऐंशी जणांनी लिहिले होते. श्रीरंगने शास्त्रशुद्ध चौकशी केली, तेव्हा उत्तरे देणारे सगळेच खाली राहत होते असे आढळले.

त्याच्या आणखी एक गोष्ट लक्षात आली. सगळी वाक्ये 'गेले'ने संपत होती. नेले गेले, लुटले गेले, मारले गेले. हा कर्मणी प्रयोग परदेशी विद्यार्थ्यांना जड जातो, असे जर्मनच्या वर्गात बजावले होते. श्रीरंगला मात्र तो मातृभाषेइतका सोपा गेला. शास्त्राच्या माणसाला मोकळी जागा सहन होत नाही. 'काय', 'केव्हा', 'का' या तीन रकान्यांशेजारी त्याने पट्टीने चौथा आखला आणि वर लिहिले: 'कोणी?'

"अरे शहाण्या, परवाना संपतोय तुझा," संस्थेत त्याच्याबरोबर काम करणारी लतिका ट्रामच्या थांब्यावर म्हणाली. "हे 'कोणी-बिणी' रसायनात विचार ना!"

"तिथं विचारावंच लागत नाही. प्रत्येक बाटलीवर नाव असतं."

"मग बस इथं चिठ्ठ्या चिकटवत. ऑगस्टमध्ये मी तुझे प्रयोग करते आणि तू मला गावाहून पत्रं पाठव."

रकान्याची चाचणी म्हणून त्याने आधी घरमालकिणीला विचारले.

"आल्झो, त्याचं असं बघा, हेर बर्वे," फ्राऊ हुबर म्हणाल्या, "तुमच्या खोलीत पूर्वी एक घड्याळजी राहायचे. ज्यू होते. बेचाळीस साली त्यांना नेलं गेलं."

"कोणी?"

त्यांनी बराच वेळ आठवले. "फार पाऊस होता त्या दिवशी." मग समजुतीने म्हणाल्या, "कपाट त्यांचंच आहे. चांगलं टिकलंय, नाही?"

श्रीरंगने कारण क्रमांक ४३ नोंदवले: पाऊस. त्याचा कोट त्या कपाटात होता.

बैठकीत चौथा रकाना पाहून सभासद लिंडनरकडे पाहू लागले. लिंडनर तेवढे हसले. "गेनाऊ, अगदी बरोबर! प्रश्न शास्त्रीय आहे. फक्त रकाना भरायचा कसा, ते कळत नाही. तुमच्याकडेही अठ्ठेचाळीस साली काही झालं होतं म्हणतात, हेर बर्वे. नमुना म्हणून तुम्हीच भरून दाखवता का?"

श्रीरंगने आनंदाने पेन्सिल घेतली. 'काय': भास्करकाकांचे दुकान जाळले. 'केव्हा': ३१ जानेवारी १९४८. 'कोणी': चार जणांनी. चौघांची नावे, आडनावे, एकाच्या वडिलांचा धंदा, रॉकेल आणलेल्या हातगाडीचा रंग. रकाना पुरेना, तेव्हा त्याने समासात लिहिले. सभासदांनी माना डोलावल्या.

"आणि त्याच्या आदल्या दिवशी?" लिंडनरनी विचारले. त्यांना खरोखरच उत्सुकता होती.

आदल्या दिवशी संध्याकाळी रेडिओवर बातमी आली होती. गांधीजी गेले, असेच आळीत म्हणत होते. जणू ते आपले आपणच उठून गेले. श्रीरंगने लिहिले: 'आळीत पेढे वाटले गेले.'

पेन्सिल चौथ्या रकान्याशी येऊन थांबली. पेढे भास्करकाकांच्या दुकानातले होते, वर केशराची काडी होती. आठ घरांत ताट फिरवले गेले. (फिरवणारे हात अकरा वर्षांचे होते. शेवटच्या घरी उरलेला पेढा त्याच हातांनी तोंडात टाकला गेला.)

त्याने 'कोणी' रिकामे सोडले आणि 'का'मध्ये सुवाच्य अक्षरांत लिहिले: 'त्या काळचे वातावरण'. अठ्ठ्याण्णव मते झाली.

लिंडनरनी वाचले, त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि सवयीने व्याकरण तपासले. एकही चूक नव्हती. चौथा रकाना एकमताने काढला गेला, अहवाल मंजूर केला गेला आणि श्रीरंगचा परवाना ऑगस्टपर्यंत वाढवला गेला.

अहवालाची बैठकीआधीची एक प्रत तो परतताना घेऊन आला. तीत मात्र चौथा रकाना अजून आहे आणि कोरा आहे. वाचकांनी घरातल्या मोठ्या माणसांना विचारून तो भरावा, पेन्सिलीने भरला तरी चालेल. 'आमच्या घरातलं कोणी नव्हतं बुवा' असे आपण एव्हाना मनात म्हटले असेल, तर विचारण्याची तसदी घेऊ नये. ते कारण क्रमांक ४४ आहे, आणि आपल्या नावापुढे ते आधीच नोंदवले गेले आहे.