तांबेकाकांचं चॅनेलवाटप

आमच्या समोरच्या तांबेकाकांकडे पाहुणा गेला की चपला काढायच्या आधी त्याला फोन काढावा लागतो. काका तो हातात घेतात, चष्मा कपाळावर सरकवतात, सेटिंगच्या तळघरात शिरतात आणि तिथून त्या फोनचा बारा अक्षरांचा पत्ता शोधून आणतात. तो आधी वहीत उतरतो, मग राउटरच्या यादीत चढतो. त्यानंतर काका म्हणतात, "हं, आता बसा. पाणी घेणार?" यादीत नाही त्याला त्या घरात वायफाय नाही. पासवर्ड माहीत असला तरी नाही.

"पासवर्ड काय, कुणीही कुणालाही सांगतो," काका म्हणतात. "वरवरचं बघू नका. अ‍ॅडव्हान्स्डमध्ये जा."

हे त्यांचं पालुपद. माझ्या मुलीला स्थळ आलं तेव्हा म्हणाले, "विद्या, मुलगा दिसायला ठीक आहे गं, पण अ‍ॅडव्हान्स्डमध्ये जाऊन बघितलंस का?" डॉक्टरांनी पोटात गॅस आहे म्हटलं, तर डॉक्टरांनाही त्यांनी हेच ऐकवलं.

त्यांच्या मुलालाही सूट नाही. विवेक ठाण्याला घोडबंदर रोडला राहतो. रविवारी माजिवड्याच्या ट्रॅफिकमध्ये तासभर अडकून, घामाघूम होऊन तो डोंबिवलीत पोचतो आणि उंबऱ्यावरच त्याचं इंटरनेट बंद पडतं. हल्लीचे फोन म्हणे सुरक्षेसाठी अधूनमधून आपला पत्ता बदलून सांगतात. काकांना ते मुळीच पटत नाही.

"तुझा फोन मागच्या वेळी एक पत्ता सांगत होता, आज दुसराच सांगतोय. बापाच्या घरी खोटं नाव?"

"अहो बाबा, ते आपोआप होतं!"

"सगळे चोर असंच म्हणतात."

काकांनी चौतीस वर्षं कळव्याच्या एका कारखान्यात मापयंत्रं तपासली. काटा केसभर हलला तरी त्यांचं जेवण उतरत नसे. निवृत्त झाल्यावर काटा सुटला आणि राउटर हाती लागला. त्याच्या दोन सिग्नलांबद्दल ते नात्यातल्या माणसांबद्दल बोलावं तसं बोलतात. "पाच गिगा हुशार आहे, पळतो भराभर, पण भिंत आली की बसतो. दोन पॉइंट चार मठ्ठ, पण पोचतो सगळीकडे."

मी या सोसायटीची सेक्रेटरी आहे. तळमजला आणि वर चार मजले, सोळा घरं, लिफ्ट नाही. हे पद मी मागितलं नव्हतं. त्या वर्षी मी मीटिंगला उशिरा पोचले, एवढाच माझा गुन्हा. तेव्हापासून गळक्या टाकीपासून तांबेकाकांपर्यंत सगळ्या तक्रारी माझ्याकडे येतात. काकांबद्दलची मोठी तक्रार आली ती भजनाची.

सुनंदाकाकू, म्हणजे काकांच्या बायको, यांनी आमचं महिला भजनी मंडळ काढलं. वीस वर्षं दर गुरुवारी चार वाजता तळमजल्याच्या हॉलमध्ये त्यांनी अभंग उचलायचा आणि बाकीच्यांनी मागून म्हणायचा, असा रिवाज. दोन वर्षांपूर्वी काकूंचं खुब्याचं हाड मोडलं. आता त्या वॉकर घेऊन घरातल्या घरात फिरतात, पण तिसऱ्या मजल्यावरून उतरणं संपलं. भजन वर न्यावं, तर बाकीच्यांचे गुडघेही तीन मजल्यांच्या लायकीचे उरलेले नाहीत. खुर्चीत बसवून खाली आणू म्हटलं, तर काकू भडकल्या. "मी काय गणपती आहे, चौघांनी उचलून न्यायला?"

तेव्हा काकांनी ठरवलं, काकूंचा फक्त आवाज खाली न्यायचा. घरी टॅबलेट, हॉलमध्ये काकांचा फोन, त्याला जोडलेला स्पीकर आणि सिग्नल पोचावा म्हणून पहिल्या मजल्याच्या जिन्यात पांढरा डबा. पहिल्या गुरुवारी मी कौतुकाने गेले. काकूंनी वरून अभंग उचलला. तो खाली किंचित उशिरा पोचला. बायकांनी मागून म्हटला, तो वर आणखी उशिरा पोचला. खालच्या मागे राहिल्या असं वाटून काकू थांबल्या. त्या थांबल्या म्हणून खालच्याही थांबल्या. पखवाजवाल्या गुरवांनी दोन्ही हात वर केले. एक अभंग संपायला पाऊण तास लागला आणि शेवटी कोण कुठल्या कडव्यावर होतं हे पांडुरंगालाच माहीत.

तीन गुरुवार हेच. मग तळमजल्याच्या मंगलताई माझ्याकडे आल्या. "विद्याताई, काकूंबद्दल आदर आहे हो. पण एक तर तो फोन तरी राहील, नाहीतर आम्ही तरी. नवीन बायका टिकत नाहीत."

मी काकांना सरळ सांगितलं. काकूंना सांगायचं धाडस मला नव्हतं आणि काकांनाही नव्हतं. त्यांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला. मग म्हणाले, "तिचं आता तेवढंच उरलंय गं. चार गुरुवार दे. दोष तिचा नाही. गर्दी आहे."

"कसली गर्दी?"

"सोळा घरांपैकी अकरा घरांचे राउटर सहा नंबरच्या चॅनेलवर आहेत. एका नळाला अकरा हंडे! एक, सहा आणि अकरा, असे तीनच नंबर एकमेकांना धक्का न लावता चालतात. वाटप करायला हवं."

अशा रीतीने आमच्या सर्वसाधारण सभेत 'चॅनेलवाटप' हा विषय आला. चॅनेल म्हणजे काय हे कुणालाच कळलं नव्हतं, पण वाटप म्हटल्यावर सगळे सावरून बसले. काकांनी नकाशा लावला. प्रत्येक घराला नंबर दिलेला होता. पहिले उठले कुलकर्णी.

"आम्ही या बिल्डिंगचे पहिले मेंबर, आणि आम्हाला अकरा? आणि एक नंबर कुणाला, तर भाडेकरूला?"

"अहो, तो मानाचा नंबर नाहीये," काका म्हणाले.

"मग आम्हाला द्यायला काय हरकत आहे?"

चौथ्या मजल्याच्या वहिनी म्हणाल्या, सहा नंबर आम्हाला लाभलाय, आम्ही सोडणार नाही. मधेच कुणीतरी पार्किंगचा विषय काढला. शेवटी मीच म्हटलं, चिठ्ठ्या टाका.

काका कळवळले. "अगं, शेजारीशेजारी एकच नंबर आला तर काय उपयोग?"

"काका, पार्किंगही आपण असंच दिलंय."

चिठ्ठ्या पडल्या. पुढचे पंधरा दिवस काका स्टूल घेऊन घरोघरी फिरले आणि ज्याला चिठ्ठीत जो नंबर आला होता तो त्याच्या राउटरवर मार्करने लिहून, आत मात्र आपल्या नकाशाप्रमाणे लावून आले. कुलकर्ण्यांच्या राउटरवर आज मोठा एक आहे. आत अकरा चालतो. कुलकर्णी म्हणतात, फरक जाणवतो.

आणि खरंच, चौथ्या गुरुवारनंतर तक्रार थांबली. मी विषय मिटला असं समजून टाकीकडे वळले.

परवा काकूंना बघायला गेले, तर त्या खुशीत होत्या. "अगं, आता बघ, कसं एकदम जुळतं! मी म्हणते आणि सगळ्या बरोबर माझ्यासोबत. मंगलसुद्धा सुधारली."

खाली उतरताना मंगलताई भेटल्या. म्हटलं, "काय, काकूंचं गाणं आता नीट पोचतं ना?"

"गाणं? काकू आता गात नाहीत हो. आवाज बसतो म्हणे, नुसत्या ऐकतात. काकांनीच सांगितलं. आता आम्ही आमचं म्हणतो, छान चाललंय."

काकू गातात आणि काकू गात नाहीत. दोन्ही खरं कसं असेल? म्हटलं, काकांनाच विचारावं. गुरुवारी साडेचारला हॉलमध्ये गेले.

भजन रंगात होतं. काकांचा फोन पेटीसमोर स्टँडवर उभा होता. स्पीकरचा दिवा बंद. फोनमधून निघालेली एक लांब वायर कोपऱ्यातल्या खुर्चीपर्यंत गेली होती. तिथे काका बसले होते, दोन्ही कानांत इअरफोनची बोंडं, डोळे मिटलेले, हात गुडघ्यावर ताल धरत होता. तो ताल पखवाजाशी जुळत नव्हता. दर वेळी किंचित मागे.

मंगलताईंनी टाळ वाजवता वाजवता मला डोळ्यांनीच खुणावलं, बघा, वीस वर्षं भजन ऐकतात आणि ताल म्हणून नाही.

मी शेजारी जाऊन बसले. काकांनी डोळे उघडले. मी स्पीकरकडे पाहिलं. त्यांनीही पाहिलं.

"नाही जमलं गं," ते हळूच म्हणाले. "सगळी सेटिंगं बघितली. तो एवढासा उशीर जातच नाही. तिला यांचं ऐकू जातं, ती त्यावर म्हणते, तिच्याकडे सगळं जुळतं. फक्त तिचं इकडे आणायचं नाही."

"आणि तुम्ही?"

"कुणीतरी ऐकायला नको का?"

त्यांनी एक बोंड काढलं, सदऱ्याला पुसलं आणि माझ्यापुढे धरलं. मी ते कानात घातलं. तिसऱ्या मजल्यावरून सुनंदाकाकू खड्या आवाजात गात होत्या, किंचित उशिरा, आणि काकांचा हात बरोबर त्यांच्या समेवर पडत होता. हॉलमधल्या गलक्यात तो आवाज नीट लागेना. मी दुसऱ्या कानात बोट घातलं.