रुसव्याचा रकाना

लेकीच्या लग्नात एकही पाहुणा रुसणार नाही, याची व्यवस्था मी चक्क डेटाबेसमध्ये केली होती! कॉलेजात गेले नाही म्हणून काय झालं? सायलीचा जुना लॅपटॉप आणि मोबाईलवरचे धडे एवढ्यावर शिकले. एका टेबलात माणसं, दुसऱ्यात नाती, तिसऱ्यात रुसवे. प्रत्येकाला नंबर, आणि त्या नंबरानं तिन्ही टेबलं एका दावणीला बांधलेली!

"रुसवा कसा मावंल त्यात?" आमचे हे म्हणाले.

"होय किंवा नाही. शेजारी कारण. ते रिकामं सोडलं तर कॉम्प्युटर नोंदच घेत नाही. अटच घातलीय मी!"

छबुबाई : हिरवी साडी दिली. केसरबाई : बारशाला मागच्या पंगतीत बसवलं. भराभर भरत गेले आणि सुंदररावदादापाशी अडले. माझा सख्खा भाऊ, लिंबागणेशला असतो. अकरा वर्षं बोलत नाही. आणि सायलीचा एकुलता एक मामा! मामाशिवाय नवरीला बोहल्यावर आणायचं कुणी? पण तो कशावरून रुसला, कुणालाच आठवेना. कॉम्प्युटर रिकामं घेईना. शेवटी टाकलं : 'खास काही नाही'.

मग एक बटण दाबलं, की प्रत्येकाच्या मोबाईलवर त्याच्या नावानिशी निमंत्रण! फक्त त्यात कोणते रकाने घ्यायचे, ते सांगायचं राहिलं. कॉम्प्युटरनं सगळेच घेतले, रुसव्याच्या कारणासकट!

पहिला फोन छबुबाईंचा. "हिरवी न्हाई, पोपटी व्हती!"

मग केसरबाई. "बारशाचं जुनं झालं की! त्याच्यानंतरचं लिव!"

आणि तिसरा, दादाचा. अकरा वर्षांनी!

"विमल, माझ्या रुसव्याला खास कारण न्हाई व्हय? अकरा वर्सं काय मी उगाच बसलतो?"

"मग खरं कारण सांग ना दादा, लगेच भरते!"

त्यानं आत हाक मारली, "अगं ए, मी कावून रुसलतो गं?"

तुळजावहिनींचा आवाज आला, "मला काय इचारता? तुमी रुसला म्हणून मी रुसले!"

मला हसू फुटलं आणि रडूही. म्हटलं, "दादा, कारणच ठाऊक नव्हतं तर माफी कशाची मागणार होते रे? आता आहे. मेसेजात तुझा अपमान केला. चुकले मी. ये ना."

दादानं घसा खाकरला, "असं नीट बोलावलं की येतो माणूस."

आला! सायलीला हाताला धरून बोहल्यावर नेलं, तिच्या पाठीशी खांबासारखा उभा राहिला. अक्षता पडल्या तेव्हा माझ्यापेक्षा तोच जास्त रडला.

पंगतीत त्याला वाढता वाढता मी कौतुकानं मोबाईल पुढं धरला. "बघ दादा! सुंदरराव, रुसवा : नाही!"

"हे कवा केलंस?"

"आत्ताच!"

"मला न इचारता?"

त्यानं ताट सरकवलं आणि तो उठला.

मी मोबाईलवर 'नाही'चं परत 'होय' केलं. या खेपेला निदान कारण तरी पक्कं ठाऊक होतं!