खाऱ्या पाण्याचे मालक

रिगोबेर्तो अल्मेंदारेसच्या वाट्याला वर्षाला दोनशे त्रेसष्ट कोटी पेसो येणार होते. हा हिशेब त्यानं स्वतः केला, माझ्या दुकानात, पावाच्या कागदी पिशवीवर. समुद्राचं पाणी गोडं करणाऱ्या कारखान्याच्या नळातून जे उरलेलं खारं पाणी आमच्या खाडीत पडतं, त्यात वर्षाला दहा हजार कोटी पेसोंचं खनिज असतं, असं एका सरकारी कार्यालयानं जाहीर केलं होतं. आमच्या पुंता रोंका गावात मच्छीमारांची घरं अडतीस. भागाकार मी दोनदा तपासला. बरोबर होता.

त्या दिवसापर्यंत रिगोबेर्तोला आयुष्यात एकच गोष्ट हवी होती, बोटीसाठी चाळीस घोड्यांचं नवं इंजिन. जुनं इंजिन लाटेच्या ऐन माथ्यावर बंद पडायचं आणि त्याला देवाची आठवण करून द्यायचं. नव्याची किंमत अठ्ठेचाळीस लाख. नळाच्या आसपासचे लोको मेले म्हणून कारखाना दर घराला वर्षाला बारा लाख भरपाई देत असे. (लोको म्हणजे खडकाला चिकटून बसणारे मुठीएवढे शंख. त्यांचं मांस दांडक्यानं बडवून मऊ करावं लागतं. आता बडवायला फक्त दांडकं उरलंय.) तीन वर्षांचे छत्तीस लाख रिगोबेर्तोनं बाजूला ठेवले होते. चौथा हप्ता मच्छीमारांचा संत सान पेद्रो याच्या सणाला मिळणार होता.

अशा वेळी खारजल मूल्यवर्धन कार्यालयाचे क्रिस्तोबाल एचेनीके राजधानीतून आले. वय तीस, अंगात बिनबाह्यांचं जाकीट, त्याला अकरा खिसे. त्यांनी मच्छीमार संघाच्या शेडमध्ये एक मेज मांडलं. आमच्याकडे सरकार तक्रार ऐकत नाही, मेज मांडतं. त्याला संवादमेज म्हणतात. थर्मास, कॉफीची पूड, बशीत मोजकी बिस्किटं. मच्छीमारांना एका बाजूला बसवतात, जबाबदार पक्षाला दुसऱ्या. तिसऱ्या बाजूला एक खुर्ची रिकामी ठेवली होती.

"ही कुणाची?" रिगोबेर्तोची बायको नोल्फा हिनं विचारलं. ती बोलावलेली नव्हती. कॉफीचं पाणी तिच्या घरून आलं होतं, म्हणून ती आली होती.

"लाभार्थ्यांची," एचेनीके म्हणाले. "शहरात जे हे पाणी पितात त्यांची. प्रतीकात्मक आहे."

मग त्यांनी समजावून सांगितलं. त्या पाण्याला आजवर सांडपाणी म्हणत होते, ही खेदजनक चूक होती. मध्यंतरी त्याला दुय्यम जल म्हणायचं ठरलं होतं. नव्या धोरणानुसार ती द्रवरूप राष्ट्रीय संपदा आहे. मॅग्नेशियम, ब्रोमिन, पोटॅशियम, थोडंसं लिथियम. चौथ्या खिशातून त्यांनी काचेची कुपी काढली. तळाशी चिमूटभर पांढरी भुकटी होती. कुपी हातोहात फिरली. ज्या माणसांनी देवळातल्या सान पेद्रोलासुद्धा इतक्या अलगद हात लावला नव्हता, ती माणसं श्वास रोखून तिच्याकडे बघत राहिली.

"किती आहे हे?" नोल्फानं विचारलं.

"चार ग्रॅम."

"आणि काढायला किती लागले?"

"तो खर्च नाही, वहिनी. ती गुंतवणूक आहे."

"अगं, गप की!" रिगोबेर्तो म्हणाला. "साहेब संपदेबद्दल बोलतायत आणि तू भाजी घ्यायला आल्यासारखी भाव काय करतेस?"

"म्हाताऱ्या, भाजी तरी दिसते."

कारखान्याच्या प्रतिनिधी सेन्योरा पाउलिना दुसऱ्या बाजूला बसल्या होत्या. त्या हळूच म्हणाल्या, "पाणी संपदा असेल, तर ती अर्थातच आमची. नळ आमचा आहे."

एवढं वाक्य पुरलं. आमच्या लोकांना एखादी वस्तू फुकट देऊ केली तर ते वास घेऊन बघतात. तीच वस्तू दुसऱ्याची आहे म्हणून सांगितलं, की रस्ता अडवतात. दुसऱ्या दिवशी किनाऱ्याच्या महामार्गावर टायर पेटले. रिगोबेर्तो एका पिंपावर चढून ओरडत होता, "खाडी कुणाची? आमची! मग खाडीत पडतं ते कुणाचं?" खाणीकडे जाणारे ट्रक दोन्ही बाजूंना तुंबले. गेल्या वर्षी त्याच पाण्याला 'विष' म्हणणारा फलक संघानं रंगवून घेतला होता. तोच फलक उलटा करून मागे 'आमची संपदा' लिहिलं. लाकूड वाचलं.

कारखान्यानं सभ्य दिसेल इतका विरोध केला आणि सूर्य बुडायच्या आत माघार घेतली. लोकांनी रिगोबेर्तोला खांद्यावर घेतलं.

नोल्फा माझ्या दुकानात अंडी घेत होती. म्हणाली, "दहा वर्षं त्यांच्याकडे नळाला जाळी मागतोय, ती दिली नाही. आणि दहा हजार कोटी एका दिवसात दिले? मला अंडी सहाच द्या. पुढं काय वाढून ठेवलंय कोण जाणे."

सान पेद्रोच्या सणाला बोटी पताकांनी सजल्या. मिरवणुकीनंतर एचेनीकेंनी अडतीस पांढरी हेल्मेट वाटली आणि मालकीचा आदेश वाचून दाखवला. मागील दहा वर्षांपासून लागू, असं त्यात होतं. 'मागील' शब्दावर सर्वात मोठ्या टाळ्या पडल्या, कारण प्रत्येकानं दोनशे त्रेसष्टला दहानं गुणलं होतं. रिगोबेर्तो हेल्मेट घालूनच जेवला.

भरपाईचा हप्ता मात्र आला नाही. रिगोबेर्तो विचारायला गेला.

"कसली भरपाई, डॉन रिगोबेर्तो?" सेन्योरा पाउलिनांना मनापासून आश्चर्य वाटलं. "तुमच्याच मालानं तुमचं नुकसान झालं, त्याची आम्ही कशी देणार? उलट तुमचा माल दहा वर्षं आमच्या नळातून वाहतोय. आम्ही कधी भाडं मागितलं?"

"नाही."

"आता मागतोय."

रिगोबेर्तो कार्यालयात धावला. एचेनीकेंनी त्याला बसवलं, कॉफी दिली आणि भाड्यापेक्षा गंभीर बाब पुढे ठेवली. लोको मेल्याची तक्रार अजून उघडीच होती. जबाबदार पक्ष पाण्याचा मालक. नुकसान झालेला पक्ष मच्छीमार. दोघांत समेट व्हायला हवा.

"पण दोघं मीच की, साहेब!"

"म्हणूनच लवकर होईल."

पुन्हा मेज मांडलं गेलं. रिगोबेर्तो आधी डाव्या खुर्चीत बसला. तिथून त्यानं आपल्या खडकांची झालेली दुर्दशा सांगितली. सांगायला त्याला अर्धा तास लागला, कारण ती खरी होती. मग त्याला उठवून उजव्या खुर्चीत बसवलं. तिथून त्यानं दहा वर्षांच्या निष्काळजीपणाबद्दल खेद व्यक्त केला आणि यंदाचे बारा लाख द्यायचं कबूल केलं. छायाचित्रासाठी हस्तांदोलन हवं होतं. उजव्या हातानं डावा हात धरून त्यानं तेही केलं. इंजिनाच्या पैशांतले बारा लाख या खुर्चीतून त्या खुर्चीत गेले, वाटेत एकोणीस टक्के कर कापला गेला आणि नऊ लाख बहात्तर हजार त्याला परत मिळाले. बाकीची सदतीस घरं बाहेर रांगेत आपल्या समेटाची वाट बघत उभी होती.

"मग माल काढूनच विकतो!" रिगोबेर्तो भडकला.

"अवश्य. त्यातलं लिथियम तेवढं सरकारचं, त्याला परवानगीशिवाय हात लावायचा नाही. मॅग्नेशियम तुमचं. मात्र ते काढायला ज्या विजेचा खर्च येतो, तो मॅग्नेशियमच्या किमतीपेक्षा सध्या जास्त आहे."

"किती जास्त?"

"ते गुंतवणुकीत मोडतं."

नोल्फा दारातून म्हणाली, "नको आम्हाला. परत घ्या."

एचेनीके हळहळले. "घेऊ शकतो, वहिनी. पण मालकानं सोडून दिलेली संपदा नियमानं सांडपाणी ठरते. आणि समुद्रात सांडपाणी सोडल्याचा दंड शेवटच्या मालकाला होतो. फार मोठा आहे तो. मी तुमचा हितचिंतक म्हणून सांगतो, मालकच राहा."

"बाळा, त्या अकरा खिशांत लाज कुठल्या खिशात ठेवतोस रे?" नोल्फानं विचारलं. प्रश्न इतिवृत्तात 'महिला प्रतिनिधींचा सक्रिय सहभाग' म्हणून नोंदवला गेला.

नळाचं भाडं प्रत्येकाची ऐपत पाहून ठरलं. रिगोबेर्तोची ऐपत तेहतीस लाख बहात्तर हजार निघाली. करात गेलेले दोन लाख अठ्ठावीस हजार त्यात मिळवले, तर इंजिनासाठी ठेवलेले छत्तीस लाख पैशापर्यंत जुळतात. इतका चोख हिशेब मी दुकानात आजवर करू शकलेलो नाही.

मागच्या आठवड्यात जुनं इंजिन कायमचं थांबलं. रिगोबेर्तो वल्ही मारत आला. डोक्यावर पांढरं हेल्मेट होतं, ऊन लागतं म्हणून. येताना नळाच्या तोंडाशी क्षणभर थांबून त्यानं पाण्यात बघितलं, जसा माणूस आपल्या मालमत्तेकडे बघतो. नोल्फा किनाऱ्यावर रिकामी टोपली घेऊन उभी होती. "मालक आले," एवढंच म्हणाली आणि बोट ओढायला पुढे झाली.

आता जमाखर्च. कारखान्याचे भरपाईचे चार कोटी छप्पन्न लाख वाचले, भाडं वर. एचेनीकेंना बढती मिळाली, कुपी त्यांच्या नव्या टेबलावर आहे. सरकारला अडतीस घरांचा कर मिळाला. रिगोबेर्तोनं इंजिन दिलं, नोल्फानं टोपली.

राहिली तिसरी खुर्ची. तिच्यावर बसणाऱ्यांच्या पाणीपट्टीत 'संपदा जतन' म्हणून महिन्याला नव्वद पेसो वाढले. त्यांनी ते कुरकुर न करता भरले, कारण संपदा जपली जातेय हे वाचून त्यांना बरं वाटलं. पहिल्याच ओळीतला आकडा वाचून तुम्हालाही बरं वाटलं होतं. कुपीत किती आहे, हे तेव्हा तुम्ही विचारलं नाहीत. ते नोल्फानं विचारलं, आणि तिला तर बोलावलंसुद्धा नव्हतं. तुमच्या नावावर गोडं पाणी एक पेला, प्यालात. उरलेलं रिगोबेर्तोच्या नावावर.