शुल्डशाइनची फोड

जर्मन शब्द म्हणजे मालगाडी. डबे सुटे करायचे, आतला माल बघायचा, की अर्थ हजर. आमच्या बँकेचे भाषातज्ज्ञ असं छातीठोकपणे सांगतात, आणि आपण आजवर एकदाही चुकलो नाही, हेही तेच सांगतात (बँकेत दुसऱ्या कुणाला जर्मन येत नाही).

बँक मूळची जर्मन. कोपऱ्यावरच्या पाववाल्याच्या भट्टीला तडा गेला, नव्या भट्टीसाठी त्याने कर्ज मागितलं, तेव्हा मुख्य कचेरीतून एक कागद आला. मथळा: 'शुल्डशाइन'. साहेब म्हणाले, याचं भाषांतर झाल्याशिवाय पैसा हलणार नाही.

भाषातज्ज्ञांनी डबे सोडवले. 'शुल्ड' म्हणजे कर्ज. पण अपराध हाही त्याचाच अर्थ. 'शाइन' म्हणजे दाखला, शिवाय उजेड, शिवाय नुसता भास. दोन त्रिक सहा. लगेच समिती बसली. 'कर्जाचा दाखला' पहिल्याच बैठकीत बाद झाला (इतक्या सोप्या कामाला समिती कशाला?). 'कर्जाचा उजेड' वीज खात्याकडे ढकलला. 'कर्जाचा भास' सगळ्यांना आवडला, कारण त्यात बँकेचं काहीच जात नव्हतं. पाववाला म्हणाला, "चालेल की साहेब. हप्तेही भासातच फेडतो." तोही अर्थ बाद. दोन अर्थ चहाच्या सुट्टीत हरवले. उरला 'अपराधाचा दाखला'.

छापून आलेल्या कागदावर एकच रकाना होता: 'अपराध'. पाववाल्याने बराच वेळ डोकं खाजवलं.

बायको म्हणाली, "अहो, पैसे कशासाठी हवेत तेच विचारत असतील. लिहा की सरळ."

त्याने ठळक अक्षरात 'भट्टी' लिहिलं आणि सही केली.

अपराधाची लेखी कबुली बँकेला स्वतःकडे ठेवता येत नाही. कागद पोलिसांत गेला. भट्टी म्हटल्यावर ती दारूचीच, हे पोलिसांना कुणी शिकवावं लागत नाही. आत आंबवलेलं पीठ सापडलं. "आंबवल्याशिवाय पाव फुगेल कसा?" बायकोने विचारलं. हवालदारांनी त्यातलं 'आंबवल्याशिवाय' तेवढं लिहून घेतलं. भट्टीच्या एका बाजूला तडा होताच. उरलेल्या बाजू त्यांनी उरकल्या.

पंचनाम्याला साक्षीदार लागतो. पावासाठी तुम्ही दारातच उभे होतात, म्हणून तुम्हाला आत घेतलं. "वास तर आम्हाला आधीपासूनच यायचा," हे वाक्य तुमचं आहे. त्याखाली तुमची सही आहे. वाचून केलेली नाही.