खोट्या चकतीखालचा अंगठा

मूर्ख माणूस मला दारातूनच ओळखू येतो! मेंदूच्या प्रयोगशाळेत हंगामी नोकरी करून दुसरं काही शिकलो नसेन, पण एवढं पक्कं शिकलो.

आमचं काम असं: माणसाला स्कॅनरमध्ये आडवं करायचं, डोक्याला चुंबकाची चकती लावायची आणि 'टक' करून झटका द्यायचा. जागा बरोबर साधली की अंगठा आपोआप उडतो आणि मेंदूत कुठे काय पेटलं ते पडद्यावर दिसतं. शिवाय एक खोटी चकतीही असते. तिचा नुसता आवाज, झटका काही नाही! माणसाला उगाच भास होतात का, ते पडताळायला. आणि होतात हो! परवा एक चांगले शिकलेसवरलेले गृहस्थ तिच्याखाली कळवळले, "हात बधिर झाला!" असले लोक मतदान करतात!

त्या दिवशी अनुदान समितीच्या बाई पाहणीला येणार होत्या. सर म्हणाले, "प्रयोग नीट झाला, तर तुझी नोकरी कायम." मी ताबडतोब स्वतःचं डोकं पुढे केलं. बायकोला फोनवर सांगूनही टाकलं, "आज कायम होऊनच येतो!"

टक! अंगठा उडाला. टक! पुन्हा उडाला, पहिल्यापेक्षा उंच!

"जोर वाढवा!" मी आतून ओरडलो. टक! कोपरसुद्धा उडालं.

बाई पडद्याकडे बघत म्हणाल्या, "हे तर स्वतःच हलवताहेत."

"मी? छे हो!"

"झटक्याने जे पेटायला हवं, ते काहीच पेटत नाहीये. आपणहून हात हलवताना पेटतो, तो भाग मात्र लालेलाल झालाय."

"मग मशीन बिघडलंय!" मी तावातावाने म्हणालो.

मशीन चालवणाऱ्या ताईंना ते लागलं. "मशीन ठणठणीत आहे! खरी चकती सकाळीच बंद पडली. सर म्हणाले, खोटीच लावा, या गड्याचा अंगठा उडणार म्हणजे उडणार!"

सर छताकडे बघू लागले. गेली नोकरी! नुसती माझी नाही, सगळ्यांचीच!

बाईंनी सरांना चांगलंच फैलावर घेतलं. मग माझ्याकडे निरखून पाहत त्यांना म्हणाल्या, "पण तुमच्या प्रयोगशाळेचा पुढचा अभ्यास भासांवरच आहे ना? मग असलं डोकं शोधून सापडायचं नाही. याला सोडू नका!"

घरी बायकोने दारातच विचारलं, "झालास कायम?"

"झालो."

"मशीन चालवायला?"

"नाही गं. मशीनमध्ये झोपायला!"