सासऱ्यांचा हरवलेला सिनेमा

मंडळी, जुने सिनेमे काय, सगळेच बघतात! पण ज्यांच्या पहिल्या खेळाला निर्मात्याची आईसुद्धा फिरकली नव्हती, असे सिनेमे हुडकून काढणारा माणूस एकच. अस्मादिक! धंदा चष्म्यांचा, पण नजर जन्मजात!

बायकोला याचं कौतुक नाही. ती म्हणते, "लोकांनी टाकलेलं उचलून घरी आणायचं, याला छंद नाही, भंगार म्हणतात."

अशा या पारखी माणसाला सासरे कसे मिळावेत? तर दर जेवणाला हात वाळेपर्यंत एकच गोष्ट सांगणारे!

"जावईबापू, आम्हीही एकेकाळी हिरो होतो बरं का! 'काळजाचं कुलूप'! पण नशीब बघा, चित्रपटच हरवला!"

किती सोयीस्कर! हरवला म्हणजे पुरावा नको, साक्षीदार नको. सासूबाई "हो का" म्हणून भाजी वाढत. बायको म्हणे, "बाबांचं आपलं काहीतरी." पण मी ठरवलं, हा सिनेमा शोधायचा आणि चारचौघांत दाखवायचा. सासऱ्याला जाहीर खोटं पाडायची संधी कोणता जावई सोडेल?

आणि सापडला की हो! एका बंद पडलेल्या थिएटरच्या मागच्या खोलीत, मोडक्या खुर्च्यांखाली गंजलेले डबे. वरून कबुतरांनी आपलं परीक्षण नोंदवलेलं. एका जाणकाराकडून त्याची नवी प्रत करून घेतली. आधी गुपचूप बघायचा मोह आवरला. दुसऱ्याची फजिती सहकुटुंबच बघावी, एवढी माणुसकी माझ्यात आहे!

रविवारी संध्याकाळी सासऱ्यांच्या हॉलमध्ये भिंतीवर चादर ताणली. बायको, सासूबाई, शेजारपाजार सगळे जमले. स्वेटरवाल्या मावशीही आल्या. या मावशी म्हणजे सासऱ्यांच्या ऑफिसातल्या जुन्या टायपिस्ट. निदान सासऱ्यांनी तशीच ओळख करून दिलेली. दर हिवाळ्यात सासऱ्यांसाठी एक स्वेटर विणून आणत. सासूबाईंना त्यांचा फार लळा.

सिनेमाचं नाव ऐकताच सासरे भिंतीवरच्या चादरीपेक्षा पांढरे पडले.

"जावईबापू, आज नको. माझे डोळे दुखतायत."

"उद्या नवा चष्मा देतो, बाबा!"

मग ते हळूच उठले आणि प्रोजेक्टरचा प्लग काढून म्हणाले, "अरेरे, वीज गेली वाटतं!" डोक्यावर पंखा गरगरत होता. मी प्लग परत लावला. चोर सापडला, या आनंदात मला उकळ्या फुटत होत्या!

सिनेमा सुरू झाला. बराच वेळ एक खलनायक विनाकारण हसत होता. मी मोठ्याने विचारलं, "बाबा, तुम्ही कुठे? ते मागचं झाड तर नाही ना?" हॉल खदखदला.

आणि तेवढ्यात सायकलवरून हिरो आला. कुरळे केस, छाती पुढे... साक्षात सासरे! मी खुर्चीत टायरमधली हवा जावी तसा बसलो.

प्रकरण इथेच थांबतं तर मी माफी मागून मोकळा झालो असतो. पण पडद्यावर हिरोईनचा पाय मुरगळला. हिरोने तिला अलगद उचललं आणि गाणं म्हणत तो टेकडी चढू लागला.

सासूबाई पुढे सरकल्या. "अगं बाई! ही आपली स्वेटरवाली ना?"

सगळ्या माना सोफ्यावर विणत बसलेल्या मावशींकडे वळल्या. मावशींची सुई थांबली नाही. "हो की! बारीक होते ना तेव्हा?"

"टायपिस्ट?" सासूबाईंनी सासऱ्यांकडे पाहिलं. "ते राहू द्या. आधी कंबरेचं सांगा! लग्न झाल्यापासून ऐकतेय, कंबर नाजूक आहे! कपाट सरकवा, कंबर! गादी उचला, कंबर! आणि ही बाई घेऊन टेकडी?"

"अगं, तिला वजनच नव्हतं," सासरे पुटपुटले.

मावशी दुखावल्या. "नव्हतं कसं? चांगली ठणठणीत होते मी! शॉट मनासारखा होईना, म्हणून दिवसभर उचलत होता हा."

"दिवसभर!"

परिस्थिती सावरायला मी धावलो. न बघताच कुठलंतरी बटण दाबलं. सिनेमा बंद झाला नाही, नुसता थांबला. नेमका कुठे? जिथे सासरे मावशींच्या कपाळावर ओठ टेकवत होते तिथे! अख्ख्या भिंतभर!

"आई," मी म्हणालो, "छायाप्रकाश बघा ना, काय सुंदर..."

बायकोने मला इतक्या जोरात चिमटा काढला की छाया आणि प्रकाश दोन्ही दिसले.

सासूबाई आत गेल्या आणि सासऱ्यांची बॅग भरूनच बाहेर आल्या. माझ्यासमोर ठेवून अगदी गोड आवाजात म्हणाल्या, "लोक विसरलेल्या कलाकृती तुम्ही जपता ना, जावईबापू? मग ही एक घेऊन जा!"

तेव्हापासून बाबा आमच्याकडेच आहेत. रोज सिनेमा लावतात, दर दृश्याला थांबवून समजावतात. बायको हल्ली माझ्याशी फक्त त्यांच्यामार्फत बोलते.

तिकडे सासूबाई आणि मावशी यांचं मात्र भलतंच गूळपीठ जमलंय. एकाच माणसाबद्दल बोलायला दोघींना इतका मजकूर सापडलाय की दोघी मिळून समुद्रावर फिरायला गेल्यात. काल धीर करून मी फोन केला.

"आई, बाबांना कधी नेताय?"

पलीकडे लाटांचा आवाज. मावशींचं खिदळणं. मग सासूबाई अगदी मनापासून म्हणाल्या, "कोण बाबा?"